पायवाट पडू नये म्हणून

सर शाळेत कोणत्या गल्लीने येतील, हे कोणालाही सांगता येत नसे. सोमवारी ते कासार गल्लीतून आले, तर मंगळवारी मशिदीमागून येत आणि बुधवारी बाजारतळाला वळसा घालून. घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर होती. तरीही ते रोज निराळ्या बाजूने उगवत. गावात याचे अर्थ लावले जात. कोणी म्हणे, कुत्र्यांना भितात. कोणी म्हणे, ज्योतिषाने सांगितले आहे. मी एकदा सरळ विचारले.

"सवय मोडू नये म्हणून," ते म्हणाले. "गवतातून एकाच रेषेवरून दोनदा गेलं की पायवाट पडते. पायवाट पडली की मागून शेरडं येतात, शेरडांमागून गाडी. मग तिथं गवत राहत नाही."

"गावात गवत नाही," मी म्हणालो.

"पाय तेच आहेत."

मी त्या शाळेत गणित शिकवीत असे आणि पर्यवेक्षकही होतो. ते शास्त्र शिकवीत. शिक्षकांच्या खोलीत ते भिंतीकडेने चालत, खुर्चीवर क्वचित बसत, भाकरी खिडकीशी उभे राहून खात. पेपर तपासतानाही फेऱ्या मारीत. त्यामुळे त्यांनी दिलेले गुण वेड्यावाकड्या अक्षरात असत, पण चूक कधी सापडली नाही. बोलणे कमी. मला त्यांच्याविषयी आदर नव्हता, तक्रारही नव्हती. विक्षिप्त माणसे वेळेवर येत असतील तर शाळेला चालतात.

आमचे गाव जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे. उत्तरेला, कोल्हार-कोपरगावकडे, पाणी आणि ऊस. आमच्या वाट्याला माळ. गावाबाहेर सरकारी कुरण होते. पाऊस बरा झाला तर आश्विनात तेथले गवत छातीला लागे. मारवेल, पवन्या, शेडा, आणि उंचवट्यावर कुसळी. गावाच्या लेखी तो चारा होता. दिवाळीनंतर लिलाव होई, कापणी होई, गंजी लागत आणि पुढच्या मृगापर्यंत माळ बोडका राही. सरांच्या लेखी ते काय होते, हे त्यांनी कधी सांगितले नाही. लिलावाच्या आधीच्या एका रविवारी ते लोकांना त्या गवतातून फिरवून आणीत. त्याला गावाने गवतफेरी असे नाव दिले होते. नावात चेष्टा होती. सरांनी ते नाव निमूटपणे घेतले.

फेरी एका सकाळची. तयारी मात्र गणपती उठले की सुरू होई.

मुख्याध्यापकांनी एका वर्षी शिस्तीसाठी मला सोबत जाण्यास सांगितले. शिस्तीसाठी माझी गरज नाही, हे मला पहिल्याच रविवारी कळले. नववी-दहावीची मुले, दोन शिक्षक, पोस्टमास्तर आणि मी, असे आम्ही शाळेच्या मैदानावर उभे होतो. मैदानभर ज्वारीचा वाळला पाला पसरलेला होता. त्यावरून आवाज न करता पलीकडे जायचे. पोस्टमास्तरांच्या वहाणांना नाल होते. त्यांना अनवाणी केले गेले. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा वाजलो. सर म्हणाले, "टाच आधी टेकते तुमची. टाचेला घाई असते." मी वयाने त्यांच्यापेक्षा मोठा होतो. मी तिसऱ्यांदा गेलो.

एकामागून एक चालणे वर्ज्य होते. सर्वांनी आडव्या ओळीत, हातभर अंतर ठेवून, ज्याने त्याने आपल्या रेषेवर चालायचे. "माझ्या पावलावर पाय ठेवू नका," हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कितीदा तरी ऐकले आहे. दुसऱ्या कोणा मास्तराच्या तोंडी ते शोभले नसते.

मग कपडे. पांढरे काही चालत नसे. बाभळीची साल उकळून ते स्वतःचे धोतर त्यात बुडवीत. ते धोतर वाळल्या चिखलाच्या रंगाचे होई आणि वर्षभर तसेच राही. माझा सदरा आणि टोपी त्यांनी त्याच पातेल्यात घातली. आमच्या घरी त्यावर एवढेच म्हटले गेले, "शाळा सोडून बैरागी व्हायचं ठरलं असेल तर आधी सांगा, म्हणजे ज्वारी कमी दळते." फेरीच्या दिवशी वासाचे तेल नाही, साबण नाही, पान-तंबाखू नाही.

शेवटच्या रविवारी बसणे. शाळेमागे दोरीने आखलेल्या गवताच्या चौकटीपुढे प्रत्येकाने तास वाजेपर्यंत बसायचे आणि काय बदलले ते सांगायचे. पोस्टमास्तर म्हणाले, "माझे गुडघे." त्यांना त्या वर्षी फेरीला नेले नाही.

या सगळ्याचा हेतू मला फेरीतच कळला. गवतात सर एक शब्दही बोलले नाहीत. बोट दाखवले नाही, नाव सांगितले नाही. नंतर कोणीतरी विचारले तेव्हा म्हणाले, "वाटाड्याला बोलावं लागलं, तर तयारी कच्ची." आम्ही आडव्या ओळीत जात होतो, दव गुडघ्यापर्यंत आले होते, आणि काळविटांचा एक कळप आमच्या समोरून डावीकडून उजवीकडे गेला. पळाला नाही, चालत गेला. एका मादीच्या पोटाची हालचाल मला दिसली. सर त्या वेळी कळपाकडे पाहत नव्हते. ते आमच्या पायांकडे पाहत होते.

परतताना कुरणाच्या बांधावर सर्वांना बसवून कपड्यांतली कुसळे काढायला लावली. ती एका पिशवीत गोळा केली आणि दुसऱ्या दिवशी शाळेआधी जाऊन कुरणात परत टाकली. हा नेम त्यांनी कधी चुकवला नाही.

पुढच्या वर्षी मला कोणी पाठवले नाही. मी गेलो.

कुरणात एक पट्टी लिलावातून वगळलेली असे. बी झडून जाईपर्यंत ती उभी ठेवायची. ती सरांनी मिळवली होती, आणि तीही त्यांच्याच पद्धतीने. जंगल खात्याचे एक साहेब फेरीची कीर्ती ऐकून एकदा थेट फेरीच्या सकाळी जीपने आले. केसांना अत्तरी तेल, पायांत करकरणारे बूट. सरांनी त्यांना बांधावरच थांबवले आणि नम्रपणे सांगितले, "साहेब, पुढच्या वर्षी. तयारी नाही झाली आपली." कुरण साहेबांचे, आणि मास्तर त्यांना आत सोडीना. आम्ही सर्वजण जमिनीकडे पाहत होतो. साहेब परत गेले. बदली होईल, शाळेवर ठपका येईल, अशी मला खात्री होती. पुढच्या वर्षी गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारी साहेब मैदानावर हजर होते, अनवाणी. फेरीनंतर सरांनी पट्टी मागितली. साहेबांनी राखणदाराला तोंडी सांगितले, "मास्तर म्हणतील तोवर ही पट्टी कापायची नाही." कागद झाला नाही. साहेब पुढे बदलून गेले, शब्द मात्र राहिला. राखणदार शेखभाई शब्दाचे पक्के होते.

मग पाऊस गेला. एक वर्ष कमी झाला आणि बहात्तर साली झालाच नाही म्हणावा.

त्या दिवसांचे वर्णन अनेकांनी केले आहे. मी करीत नाही. विहिरींचे तळ दिसू लागले. गाव खडी फोडायला गेले. मुलांना शाळेत सुकडी मिळे, म्हणून पटावरची मुले टिकली. शिकण्याचे त्राण कोणाला नव्हते आणि शिकवण्याचे आम्हाला. माणसे आजारी नव्हती, दमलेली होती. सकाळी उठतानाच दमलेली असत. कोपरगावकडून गुरांसाठी उसाचे वाढे येणार असे सांगत. एक ट्रक आला, त्यावर मारामारी झाली, पुढचा आला नाही. कुरण सर्वांना खुले झाले आणि थोड्या दिवसांत मुळासकट खरवडले गेले. वारा सुटला की कुरणाची माती शाळेच्या फळ्यावर येऊन बसे.

पट्टी तेवढी उभी होती. मागच्या वर्षीचे वाळलेले, राखाडी पडलेले गवत, जेमतेम मांडीएवढे. पण उभे. सबंध माळावर उभे असे तेवढेच.

शेखभाई एका संध्याकाळी माझ्याकडे आले. त्यांना सरांशी बोलण्याचा संकोच वाटत होता. हुकूम सगळ्या कुरणाचा आहे, पट्टीचा त्यात वेगळा उल्लेख नाही, असे त्यांनी सांगितले. मग म्हणाले, "सर सांगतील तर मी बाजूला होतो. नाय सांगनार तर काठी हाय माझ्याकडं. पर ही काठी मी कुनावर चालवू? बाया येत्यात, लांब हुब्या ऱ्हात्यात, काय बोलत न्हाईत. बोलल्या असत्या तर बरं हुतं."

मी सरांना निरोप दिला. ते म्हणाले, "हं." त्या महिन्यात ते रोज कुरणापर्यंत जाऊन परत येत. जाताना एका बाजूने, येताना दुसऱ्या. गणपती उठल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे मैदानावर येण्याची सूचना फळ्यावर लिहिली होती. कोणी आले नाही. ते एकटे मैदानावर उभे राहून घरी गेले.

लांब उभ्या राहणाऱ्या बायांपैकी एक शेवटी बोलली. आवडाबाई गावकुसाला राहत असे. एक गाय आणि एक तोंड एवढीच आपली इस्टेट, असे ती स्वतःच सांगे. दिवसभर खडी फोडून, हात-तोंड धुळीने पांढरे झालेले, अशी ती शाळा सुटताना फाटकात येऊन उभी राहिली. मागे दहा-पंधरा माणसे होती. सर बाहेर पडले तशी तिने वाट अडवली.

"मास्तर, समद्या माळाची राख झाली. तुमची पट्टी कुनासाठी राखलीया?"

"बियासाठी."

"बी लई मोठ्या मनाचं असतंय. थांबतंय. माजी गाय परवाधरनं बसलीया, ती उठंना."

सरांचा हात फाटकाच्या गजावर होता. आवडाबाई थांबून म्हणाली, "तुमच्या फेरीला आलेली पावनी न्हाई ती, मास्तर. तिला बगायचं न्हाई, खायाचं हाय."

मागे कोणी हसले नाही. सरांनी विचारले, "किती घरं?"

"ज्येंच्या दावनीला जनावर उरलंय तेवडी."

"रविवारी मैदानावर या. विळे घेऊन."

"मैदानात काय उगवलंय?"

"तयारी करावी लागेल."

आवडाबाईने मागे वळून माणसांकडे पाहिले आणि पुन्हा सरांकडे. "जनावर मरनाला टेकलंय आन् आमी साळा शिकायची व्हय?"

"हो," सर म्हणाले आणि निघाले.

मला राग आला. मी त्यांना गाठून म्हणालो की द्यायचे असेल तर द्या, नसेल तर नाही म्हणा. थकलेल्या माणसांना मैदानावर नाचवू नका. जन्मभर गवत कापलेल्या बायांना तुम्ही काय कापायला शिकवणार?

ते चालता चालता म्हणाले, "कापता त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. थांबता येतं का, ते बघायचंय. उपाशी माणूस बुडापासून कापतो, सर. मीही कापीन."

रविवारी ती माणसे आली. दुसरीकडे गवत नव्हते म्हणून आली. आठवड्यातला तो एकच दिवस खडीला सुट्टी असे. सरांनी मैदानावर तुराट्यांचे तुकडे झुबक्याझुबक्यांनी रोवून ठेवले होते, माळावर गवताची बुडे असतात तसे. जमिनीपासून चार बोटे सोडून वरचे कापायचे. ज्याचा विळा खाली गेला त्याने नवा झुबका स्वतः रोवायचा आणि पुन्हा कापायचे. मग भारा डोक्यावर घेऊन, एकही बूड न तुडवता, आखलेल्या एका रेषेवरून परत यायचे.

आवडाबाईचा विळा पहिल्यांदा खाली गेला.

"चार बोटं," सर म्हणाले.

"कुनाची बोटं? तुमची का माजी?"

"तुमची."

तिने आपली खडीने सुजलेली बोटे झुबक्याशी धरून पाहिली. "ही तर आता सा बोटांएवडी झालीत. गवताचा फायदाच हाय," ती म्हणाली. त्या दिवशी लोक हसले ते एवढेच. एका माणसाने विळा फेकला आणि शिव्या देत निघून गेला. उन्हं डोक्यावर आल्यावर तो परत आला आणि ओळीत बसला. सरांनी त्याला पहिल्यापासून सर्व करायला लावले. मी व्हरांड्यात बसून पाहत होतो. हा माणूस निर्दय आहे असे माझे मत झाले, आणि ते त्या दिवसापुरते मी बदलले नाही.

दुसऱ्या सकाळी आम्ही कुरणाला गेलो. शाळेला मी त्या दिवशी सुट्टी दिली. अधिकार मला नव्हता. शेखभाई बांधावर उभे होते. सर पुढे झाले. बाभळीच्या रंगाचे धोतर, हातात विळा. सवयीने मी बाजूला सरकून आडव्या ओळीत माझी जागा घेऊ लागलो, तेव्हा सर गवतात पाऊल टाकून थांबले आणि मागे वळून बोलले. गवतात त्यांचा आवाज मी प्रथमच ऐकत होतो.

"सगळ्यांनी माझ्याच पावलावर पाय ठेवायचा. बाहेर कोणी जायचं नाही. आलो त्याच रेषेनं परत जायचं."

कोणाला त्यात विशेष वाटले नाही. त्यांच्या फेरीला त्यांतले कोणी कधी आलेले नव्हते. मी मात्र जागच्या जागी उभा राहिलो. मागच्या माणसाचा धक्का लागल्यावर चालू लागलो.

त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना हात पुरेल तेवढे कापायचे, मग उकिडवे बसून, बुडांमधून पाय टाकत, आत सरकायचे. भारा झाला की पुन्हा त्याच रेषेवर यायचे. सर दिवसभर त्या रेषेवरून खालीवर जात होते. कोणाचा भारा उचलून देत, कोणाला पाण्याचे मडके नेऊन देत. किती फेऱ्या झाल्या असतील! प्रत्येक फेरीला मऊ माती खाली दबत होती आणि ती रेषा रुंद होत होती.

दुपारी कंटाळा आणि ऊन एकत्र आले. काल विळा फेकलेला तो माणूस गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी एक बूड उपटू लागला. ते मातीसकट वर आले. सर पलीकडच्या टोकाला होते. मी बोलणार तेवढ्यात शेजारून आवडाबाईचा आवाज आला.

"ए, हात वर घे."

"आता कोन बगतंय?"

"मी बगतीया." तिने ते बूड त्याच्या हातातून घेतले, खड्ड्यात परत बसवले आणि वरून टाच दिली. "काल मैदानात मरस्तवर राबलो ते काय फुकट?"

तिसऱ्या प्रहरी पट्टी संपली. डोक्यावर भारे घेऊन माणसे एका रांगेत गावाकडे गेली. कोणी सरांचे आभार मानले नाहीत. मानण्याइतका दम कोणात उरला नव्हता. मागे सारखी कापलेली बुडे, चार-चार बोटांची, आणि मधोमध एक पांढरी, घट्ट झालेली रेषा. सरांनी वाकून तिच्यावर नख ओढून पाहिले. माती उकरली गेली नाही. मग तेथेच बसून त्यांनी धोतराची कुसळे एकेक काढली आणि त्या रेषेवर ठेवली. वाऱ्याने ती उडून गेली.

आवडाबाईची गाय जगली. पुष्कळांची जगली नाहीत. ती पट्टी सर्वांना पुरण्यासारखी नव्हतीच.

पुढच्या वर्षी पाऊस आला. राहिलेल्या बुडांतून मारवेल आणि शेडा फुटला. माळावर प्रथम हिरवी झाली ती ती पट्टी. बाकीचे कुरण पुष्कळ दिवस मातीच राहिले. मधली रेषा मात्र तशीच पांढरी होती. भाद्रपदात तिच्यावरून शेरडे जाताना मी पाहिली. दिवाळीच्या सुमारास एका बैलगाडीची चाकोरी उमटली. सरांनी सांगितले होते त्याच क्रमाने झाले.

मुख्याध्यापकांनी गवतफेरीविषयी विचारले. सर म्हणाले, मुलांची तयारी घेईन, फेरी दुसऱ्या कोणी न्यावी. दुसरा कोणी नव्हता. तयारी काही वर्षे होत राहिली. मुले ज्वारीच्या पाल्यावरून न वाजता चालायला शिकत आणि दहावी होऊन गावातून जात.

त्याच सुमारास माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. सर आता रोज कासार गल्लीनेच शाळेत येत. सोमवारीही, मंगळवारीही. गावाने याचा काही अर्थ लावला नाही, कारण सगळेच लोक रोज एका गल्लीने जातात. मी काही आठवडे पाहिले आणि मग विचारले.

"पायवाट पडलीच आहे, सर," ते म्हणाले. "आता वळसा घालून कोणाला फसवायचं?"

माझे घर कासार गल्लीच्या तोंडाशी होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांची वेळ झाली की मी दारात उभा राही आणि आम्ही बरोबर निघत असू. ते निवृत्त होईपर्यंत हे चालले. वाटेत आम्ही कधी बोललो नाही.